आईचा फोन आला तर पान सतरा

मी आजवर एकच पुस्तक लिहिलं. ते जाडजूड नाही, छापखान्यातलंही नाही. रिसोडच्या झेरॉक्सच्या दुकानात काढलेल्या प्रती आणि मध्ये स्टेपलरच्या पिना. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचलं तर त्यात काही कळत नाही. बहुतेक पानांच्या खाली वाचणाऱ्याला विचारलेलं असतं, की आता तू काय करशील? हे करणार असशील तर अमुक पानावर जा, ते करणार असशील तर तमुक. एकाच पुस्तकात अनेक वाटा आणि अनेक शेवट. या प्रकाराला मराठीत पक्कं नाव नाही. माझ्या वर्गातली मुलं 'उड्यांचं पुस्तक' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

या पुस्तकासाठी माझं कौतुक झालं. शिक्षण परिषदेत टाळ्या वाजल्या, गुलाबाचं फूल मिळालं, फोटो ग्रुपवर फिरला. ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांना जे माहीत नाही ते इथे लिहितो. मी मुळात कमी बोलणारा माणूस. बायको म्हणते, तुमच्याकडून एखादी गोष्ट काढून घेणं म्हणजे विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढणं. पन्नाशी आली, आता बादली आपणच वर काढलेली बरी.

उड्यांचं पुस्तक पहिल्यांदा हातात आलं ते शाळकरी वयात, रिसोडलाच. बाजाराच्या रस्त्यावर एका जैन शेठजींचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मागच्या फळीवर ते गोष्टींची पुस्तकं भाड्यानं देण्यासाठी ठेवत. त्यांचा नियम एकच: पुस्तक दिवस मावळायच्या बऱ्याच आधी परत. सूर्यास्तानंतर ते जेवत नसत, त्यामुळे ऊन उतरलं की त्यांना दुकान बंद करून घर गाठायची घाई असे. आमच्या वाचनाचा वेग शेठजींच्या जेवणाच्या वेळेवर ठरलेला होता.

एकदा त्या फळीवर कव्हर गेलेलं एक पुस्तक आलं. भाषांतर होतं, कुठून, कोणाचं, ते कळायला मार्ग नव्हता. त्यात नायक कोणी नव्हता, 'तुम्ही' होता. तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आत जायचे असल्यास हे पान उघडा, परत फिरायचे असल्यास ते. असं कोणी आपल्याला पुस्तकातून विचारतं याचंच आम्हाला अप्रूप. शेठजींनी सुटी झालेली पानं दाभणानं शिवली होती आणि त्यात मधली काही गहाळ झाली होती. त्यामुळे गुहेत डावीकडे वळलं की माणूस नसलेल्याच पानावर जाऊन पडे. आम्ही तिघं मित्र वाचायचो. "डावीकडं गेला तं गायब," असा एकाचा निकाल. दुसरा म्हणायचा, गायब नाही, तिथं आपण काहीही करू शकतो, कारण लिहिलेलंच नाही. मग तो स्वतःच सांगत सुटायचा आणि त्याच्या गोष्टीत हटकून जेवणाचं ताट असायचं.

मी ते पुस्तक पुन्हा पुन्हा न्यायचो.

"एकच पुस्तक किती खेपा नेशीन बे?" शेठजी विचारायचे.

"हर खेपेले वेगळं निघते ना ते, शेठजी."

"मंग मले भाडंबी वेगवेगळं घ्या लागीन."

पुढे डी.एड.ला असताना कॉलेजच्या कपाटात याच जातीचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं, पण ते गणिताचं होतं. प्रश्न, खाली तीन उत्तरं आणि प्रत्येक उत्तरासमोर पान. चुकीचं उत्तर निवडलं की त्या पानावर समजूत असे: तुम्ही घाई केलीत, हे विसरलात, मागच्या पानावर जा आणि पुन्हा विचार करा. बरोबर निवडलं तरच पुढे. नंतर जिथे मिळेल तिथे या विषयावर वाचत गेलो. कळलं ते असं, की शिकवणीची असली पुस्तकं आधी आली आणि त्याच सुमारास कुठे कुठे गोष्टींचे प्रयोगही होत होते. मग परदेशात मुलांसाठी अशा गोष्टींच्या पुस्तकांची लाट आली, पुस्तकंच्या पुस्तकं निघाली. पुढे मुलं कॉम्प्युटरच्या खेळांकडे गेली आणि लाट ओसरली. आता तोच प्रकार फोनमध्ये परतला आहे. पान उघडायचं नाही, बोट लावायचं.

आपल्याकडे मोक्षपट होताच. शिडी लागली की पुण्य, साप लागला की पाप. पण तिथे फासे पडतील तसं जायचं, आपल्या हाती काही नाही. उड्यांच्या पुस्तकात मात्र सगळं आपल्याच हाती आहे असं वाटत राहतं. मला त्याचंच आकर्षण होतं. आता वाटतं, मी त्याकडे जरा जास्त विचार करून पाहायला हवं होतं.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, रिसोडपासून जीपच्या रस्त्यावरच्या एका लहान गावात. दोन शिक्षक, पाचवीपर्यंत वर्ग. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, की निम्मं गाव वीटभट्ट्यांवर कामाला जातं आणि उन्हाळा संपताना परततं. मुलं सोबत जातात. मोठी मुलगी असली तर हमखास, कारण लहान भावंडाला सांभाळायला कोणी लागतं. गेलेली सगळीच परत शाळेत येत नाहीत. कोणाचं नाव तिकडच्या शाळेत लागतं, कोणी शाळाच सोडतं. शाळेचा पट, म्हणजे नाव लागलेल्या मुलांचा आकडा, असाच घसरत घसरत त्या रेघेपाशी आला होता, ज्याखाली गेलं की शाळेत एकच शिक्षक उरतो. दोघांतला जादा ठरणारा मी होतो.

मुलांनी शिकावं असं मला वाटत नव्हतं असं नाही. पण घर रिसोडला, मुलीची दहावी तोंडावर, आणि जादा शिक्षकांना दुसरीकडे पाठवतात त्या समायोजनात जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला पडेन याचा भरवसा नाही. हेच पहिलं होतं. मुलांचं भलं दुसरं होतं. बाहेर सांगताना मी क्रम उलटा सांगत आलो.

तेव्हा उड्यांच्या पुस्तकाची कल्पना सुचली. पालकांच्या सभा घेऊन झाल्या होत्या, घरोघरी जाऊन झालं होतं. वाटलं, मुलांनाच ठरवू द्यावं. शाळा सुटल्यावर वर्गाच्या फरशीवर खडूनं चौकोन काढले, चौकोनाला आकडे दिले, बाण ओढले. असं पुस्तक आधी जमिनीवर लिहावं लागतं, कारण कोणतं पान कुठे जातं हे डोक्यात मावत नाही. एखादी वाट अडकते, एखादी गोल फिरून जिथून निघाली तिथेच येते. मला त्या कामात फार आनंद झाला, हेही सांगून टाकतो. किती तरी वर्षांनी मी काही मनापासून करत होतो.

गोष्टीत 'तू' म्हणजे गावातली एक मुलगी. दिवाळी संपली आहे, आईबाबा भट्टीवर निघाले आहेत. नवव्या पानावर फाटा: सोबत जाणार असशील तर इकडे, आजीपाशी राहणार असशील तर तिकडे. सोबत जाण्याच्या वाटेवर मी ताप ठेवला, अवकाळी पावसानं विरघळलेल्या कच्च्या विटा ठेवल्या, पाढे विसरणं ठेवलं. त्या साऱ्या वाटांच्या शेवटी एकच ओळ: 'नवव्या पानावर परत जा आणि पुन्हा विचार कर.' राहण्याच्या वाटेवर सायकल, स्पर्धेतलं बक्षीस, नवोदयची परीक्षा. आणि त्या वाटेवर सतरावं पान.

सतराव्या पानाचं कारण मला नीट आठवतं. आधीच्या वर्षांत जी मुलं मागे थांबली, ती आईचा फोन आला की रडायची. फोनवर मूल रडतंय म्हटल्यावर आई तिकडे रडायची आणि पुढच्या आठवड्यात बाप येऊन मुलाला घेऊन जायचा. माझी जमवलेली मुलं अशी एकेक करून गेली होती. म्हणून मी लिहिलं: 'आजीच्या फोनवर आईचा फोन आला आहे. उचलणार असशील तर पान सतरा. अभ्यास करत बसणार असशील तर पान अठरा.' सतराव्या पानावर तू फोन उचलतेस, तुला रडू येतं, बाबा येतात, तुला भट्टीवर नेतात. नवव्या पानावर परत जा. अठराव्या पानावर बाई तुझी वही पाहून शाबासकी देतात. लिहिताना हात थांबला नाही. उलट हुशारी केली असं वाटलं.

वर्गात आम्ही ते मोठ्यानं वाचायचो. फाटा आला की मुलं हात वर करायची. पहिल्या दिवशी सगळी भट्टीकडे गेली, तिथला ताप, पाऊस सोसून नवव्या पानावर परतली. दुसऱ्या दिवसापासून भट्टीला हात वर होईना. मुलं चटकन शिकतात.

पाचवीत एक मुलगी होती. वाचायला सगळ्यांत तेज. धाकटा भाऊ अजून मांडीवरचा, त्यामुळे तिचं जाणं ठरल्यासारखंच होतं. तिनं पुस्तकाची प्रत घरी नेली आणि आईबापाला, आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. आई-बाप दोघंही शाळेचं तोंड न पाहिलेले. तिच्या बापानं मला दुसऱ्या दिवशी रस्त्यात थांबवलं.

"सर, पुस्तकात तं लय बेक्कार झालं आमचं."

"गोष्ट आहे ती."

"गोष्ट हाय, पन पोट्टी म्हन्ते मी नाई येत. ठीक हाय, राह्यू द्या. बुढीजवळ राह्यीन." आणि जाता जाता हसून, "आमी तिकडं नाई मरत म्हना तिले, थोडंसं लिवून द्या कुठंतरी."

मी पण हसलो. लिहून काही दिलं नाही. माझ्या पुस्तकात मुलगी मागे राहिली की आईबापाचं पुढे काय होतं याचं पानच नव्हतं. ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

ती राहिली, आणखीही काही मुलं राहिली. पट टिकला. शिक्षण परिषदेत मी हे सांगितलं, ते कौतुक झालं. तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकानं तिथेच माझा हात धरला, "सर, हे मले द्या. मी फोनवर करतो." तो असल्या कामात हुशार होता. मी आनंदानं दिलं.

हंगाम निम्मा झाला असेल. त्या मुलीची आजी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, पोट्टीचं काय करू सांगा बाप्पा. मायचा फोन आला का पयते."

"कुठे पळते?"

"कुठंबी. मांगं गोठ्यात, नाई तं शेजारी. एक खेपेले तं पिंपामांगं लपली. तिकून तिची माय इचारते, कुठं गेली, अन् मी दर रयवारी नवं सांगतो. पानी भराले गेली, शेरडी सोडाले गेली. आता मले सांगाले काई उरलंच नाई!"

मधल्या सुट्टीत मी मुलीला बोलावलं.

"आईचा फोन का उचलत नाहीस गं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शिकवलेलं मीच विसरलो.

"सर, पान सतरा."

"म्हणजे?"

"उचलला तं रडू येते. रडू आलं का बाबा नेयाले येते. मंग भट्टी. मंग मांगं जा."

मी लिहिलेल्या क्रमानं, एकही पायरी न चुकवता, तिनं सांगितलं. वर आणखी, "मी नाई रडली सर अजून." शाबासकी मिळेल अशी तिची अपेक्षा असावी.

तेव्हा मी म्हणू शकलो असतो, अगं वेडे, ती गोष्ट आहे, आज आईला फोन लाव. तेवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बरं. जा, बस." आणि फळ्याकडे वळून अपूर्णांक घेतले. का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तिनं फोन उचलला असता तर खरंच रडली असती आणि बाप खरंच आला असता. माझं सतरावं पान तसं खोटं नव्हतं. खोटं इतकंच, की मी त्याला चूक ठरवलं होतं.

आजीला सांगितलं, "परीक्षा जवळ आली आहे, अभ्यासात असते." ती म्हणाली, "अभ्यास पिंपामांगं करते काय?"

उन्हाळ्याच्या शेवटी भट्ट्या बंद झाल्या, लोक परतले. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलीची आई वर्गाच्या दाराशी आली. धाकटा कडेवर. मुलं खेळायला सोडली होती, वर्गात मी एकटाच होतो.

"सर, माह्या पोरीले कोनी माह्याबद्दल काई सांगतलं काय?"

"नाही हो बाई. असं का वाटलं?"

"दर रयवारी फोन लावो मी. बुढीच उचले, पोरगी कदी आलीच नाई फोनवर. आता आली मी तं पाय धुवाले पानी देते, भाकर वाढते, माहं अथरून टाकते. पन बोलत नाई. पाहुनी आल्यासारखी वागवते मले."

"लहान आहे. रुसली असेल. होईल हळूहळू."

"रुसली असती तं भांडली असती, सर. तिचं रुसनं मले मालूम हाय." धाकटा माझ्या टेबलावरचा खडू घेऊन खात होता, तो तिनं त्याच्या तोंडातून काढून जागेवर ठेवला. "मीच मांगं ठेवली ना तिले. त्याचाच राग धरला असंन. राह्यते म्हन्ली तवा मी एकदाबी 'चाल' नाई म्हन्लं. म्हनाले पायजे होतं काय?"

मी म्हटलं, "तुमचं काही चुकलेलं नाही." खरं तेवढं बोललो आणि त्याच्यापुढचं गिळलं. ती उभी राहिली थोडा वेळ, मी हजेरी उघडली, ती गेली. त्या बाईला मी तिच्या मुलीच्या गप्प राहण्याचं कारण स्वतःत शोधायला लावलं, आणि कारण माझ्या टेबलाच्या खणात स्टेपल करून ठेवलेलं होतं.

पावसाळ्यात तरुण शिक्षकाचं काम पुरं झालं. पुस्तक फोनवर आलं. चित्रं रंगीत, खाली दोन बटणं. गटातल्या शिक्षकांच्या बैठकीत त्यानं ते भिंतीवर मोठं करून दाखवलं. आईच्या फोनपाशी आल्यावर खरोखरची रिंग वाजली. त्यानं 'उचल' दाबलं तशी भिंत लाल झाली आणि रडवेली पिपाणी वाजली. मागे जाऊन 'नको' दाबलं तशा चांदण्या पडल्या. सगळे हसले. कोणीतरी मला मागून थोपटलं.

माझ्या वर्गात आधीच लिंक पोचली होती. सोमवारी पाहिलं तर शाळा भरायच्या आधी मुलं एका फोनभोवती घोळका करून बसलेली. रिंग वाजली की सगळी एका सुरात ओरडत, "कट कर! कट कर!" ती मुलगी आता सहावीला शेजारच्या गावी जायची, पण सकाळी आमच्याच फाटकापाशी जीपची वाट पाहत उभी असे. ती तिथून ऐकत होती. हसत नव्हती, ओरडत नव्हती. तिला हे पाठ होतं, इतकंच.

मी तरुण शिक्षकाला फोन केला.

"ते सतरावं पान काढून टाक."

"काहून सर? ते तं सगळ्यात भारी पान हाय! पोरं लय एन्जॉय करून राह्यली."

"म्हणूनच काढ."

"आता सर, सगळ्या ग्रुपवर गेली ना लिंक. साहेबालेबी तेच आवडलं."

"मग निदान बदल. फोन उचलला तर वाईट काही होत नाही, असं कर."

"मंग गोष्ट कुठं जाईन सर? फोन उचलला, बोलली, ठेवला, अन् काईच नाई झालं. असं पान कोन वाचते?"

तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच अडचण दिसत होती. फोन ठेवल्यावर मला डी.एड.च्या कपाटातलं ते गणिताचं पुस्तक आठवलं. तिथे दोन चुकीची उत्तरं लागतातच, नाही तर शिकवायचं काय? मी मुलांना ती शिकवणी दिली होती आणि वर गोष्टीचं नाव टाकलं होतं. गणितात चुकीचं उत्तर म्हणजे एक आकडा असतो. माझ्या पुस्तकातलं चुकीचं उत्तर म्हणजे त्यांचे आईबाप होते.

माझ्या वर्गातल्या प्रतींवर मी नवा कागद चिकटवला. फोन उचललास, आईनं जेवलीस का विचारलं, तू भावाचा आवाज ऐकलास, पान अठरा. फोनमधलं अजून तसंच आहे. पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे मी दोनदा लेखी मागणी केली. पुढच्या टप्प्यात विचार करू, असं उत्तर आलं आहे.

दिवाळीनंतर, लोक निघायच्या आदल्या दिवशी, मी त्या मुलीच्या घरी गेलो. दुपारची वेळ. अंगणात बोचकी, घमेली, तवा. बाप जीपवाल्याशी बोलायला फाट्यावर गेला होता. आई पांघरुणं बांधत होती, आजी बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत होती, मुलगी धाकट्याला घेऊन उंबऱ्यात. ती याही वर्षी आजीजवळ राहणार होती. आजीनं बाजेवर जागा केली. मी पुस्तक सोबत नेलं होतं. कशाला, ते अजून सांगता येत नाही. उघडायची वेळ आलीच नाही.

"बाई, तुम्ही विचारलं होतं ना, हिला कोणी काही सांगितलं का," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं."

तिचे हात थांबले.

"या पुस्तकात मी लिहिलं, की आईचा फोन उचलला तर रडू येतं, मग बाप येऊन नेतो, मग सगळं वाईट होतं. हिनं ते खरं धरलं. म्हणून हिनं तुमचा फोन उचलला नाही. तुमच्यावर राग नव्हता."

"पुस्तकात लिवलं म्हून?"

"हो."

"तुमी काहून लिवलं असं?"

"मुलं रडली की तुम्ही नेता. नेली की शाळेचा पट कमी होतो. पट कमी झाला की माझी इथून बदली होते."

हे मी इतक्या सरळ कोणाजवळच बोललो नव्हतो, घरीही नाही. बोलून पाहिल्यावर ते फार लहान वाटलं.

आजी म्हणाली, "अगं माय! अन् मी म्हनो पोट्टीच्या कानात मळ झाला. तेल टाकू टाकू थकली मी."

आईला हसू आलं नाही. तिनं विचारलं, "मी शाळेत आलती, तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

ती पुन्हा गाठोडं बांधायला लागली. गाठ बसेना, सोडून पुन्हा मारली. "सारा हंगाम सर," ती गाठीकडे पाहत म्हणाली, "इटा थापता थापता मी हेच इचार करो. आपून तिले मारलं काय, बोललं काय, का तिच्या भावाचे जास्त लाड केले. एकेक दिवस मांगचा काढून पाहो." मला शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

ती मुलीकडे वळली. "अन् आता? आता लावला फोन, तं उचलशीन?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "सरनं सांगतलं तं उचलीन."

आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला 'उचल' म्हणायचं होतं, शब्द तोंडाशी आला होता. आईनं माझ्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणाल्यासारखा.

"सरकडं नोको पाहू. माह्याकडं पाय. मी इचारून राह्यली."

मुलगी पाहत राहिली, आईकडे, मग खाली. धाकटा रडायला लागला तशी ती त्याला घेऊन घरामागे गेली.

"तुमी या आता, सर," आई म्हणाली. "आमाले बांधाबांध हाय."

मी उठलो. चहा झाला नाही. आमच्याकडे शिक्षक घरी येऊन चहाशिवाय जात नाही, तेवढ्यावरून मला माझी जागा कळली आणि ते योग्यच होतं.

त्यानंतर मी चौकशी केली नाही. विचारण्याचा अधिकार उरला होता असं वाटत नव्हतं. काही आठवडे गेले. एका शुक्रवारी शाळा सुटताना आजीच फाटकाशी थांबली.

"मास्तर, पोट्टी फोन उचलून राह्यली."

"बोलते?"

"कायची बोलते! कानाले लावून उभी राह्यते नुसती. तिकून माय बोलते, भावाले बोलाले लावते, बाप खोकलते तेबी ऐकते ही. इकून हूं नाई का चूं नाई. मी म्हनो दे इकडं, तं देतबी नाई. सारी बॅटरी खाऊन टाकते. माही बोलाची पाळी आली का फोन बंद! अन् घरी लाईटीचा पत्ता नाई."

"शाळेत चार्जिंगला लावत जा," मी म्हटलं.

"शाळेत राह्यते काय लाईट?"

"सकाळी असते बहुतेक."

"बहुतेक म्हन्ते मास्तर," असं स्वतःशीच म्हणत ती गेली.

शनिवारी सकाळच्या शाळेला फाटक उघडलं तर ती मुलगी जीपच्या वेळेच्या आधी येऊन उभी होती, हातात आजीचा फोन आणि वायर गुंडाळलेला चार्जर. माझ्याशी बोलली नाही. आत गेली, फळ्याशेजारच्या बोर्डात पिन लावली, स्क्रीनवर चार्जिंगची खूण उमटेपर्यंत वाकून पाहत राहिली, आणि रस्त्यावर जाऊन जीपची वाट पाहू लागली.